जागच्या जागी असलेलं जहाज

पुस्तकातले आकडे मला आवडत नाहीत. रत्नागिरीतल्या एका कॉलेजात पदवीच्या मुलांना मी संगणकावर विज्ञानाची गणितं कशी सोडवायची ते शिकवते. अभ्यासक्रमात या विषयाला चांगलं भारदस्त नाव आहे, पण मुलं त्याला 'मॅडमचं पायथन' म्हणतात आणि मीही आता तेच म्हणायला लागले आहे. तर या विषयाच्या पुस्तकांतले आकडे म्हणजे इस्त्री करून ठेवलेले. आलेख काढला की सगळे बिंदू शहाण्यासारखे रेषेवर जाऊन बसतात. मुलांना वाटतं, झालं, आपल्याला सगळं आलं. एका वर्षी मी अशीच वैतागले आणि वर्गात सांगून टाकलं, प्रकल्पाचे आकडे घरून आणायचे. इंटरनेटवरून उतरवलेले चालणार नाहीत, माझ्याकडे मागायचे नाहीत. तेव्हापासून आमच्याकडे ती पद्धतच पडली.

घरून काय काय आलं ते सांगायला बसले तर दिवस पुरायचा नाही. एकीनं कोंबड्यांची अंडी मोजून आणली, आणि मधे एक आठवडा शून्य अंडी का, असं विचारल्यावर "मुंगूस" एवढंच उत्तर दिलं. एकानं विहिरीचं पाणी मोजलं, पण रोज वेगळ्या पायरीवरून. दापोलीकडच्या एका मुलानं सावलीवरून नारळाच्या झाडाची उंची काढली आणि झाड संध्याकाळी वाढतं असा निष्कर्ष काढून, खाली सही करून माझ्यासमोर ठेवला. मी चिडले. मी लवकर चिडते, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. मी मूळची घाटावरची. लग्न होऊन इथे आले त्याला आता बरीच वर्षं झाली, तरी नवीन मुलं पहिल्या तासालाच माझ्या बोलण्यावरून ओळखतात आणि मी ओरडले की एकमेकांकडे बघून हसतात. माझा आवाज चढतो, त्यांचा हेल लांबतो, आणि मधल्या मधे राग कुठेतरी सांडून जातो.

त्या वर्षी दाराजवळच्या संगणकावर एक मुलगी बसायची. तिथे पंखा लागत नाही म्हणून ती जागा कुणी घेत नसे. हिनं घेतली होती, कारण तिथून उठून बाहेर जाणं सोपं आणि फोन आला तर कुणाला कळत नाही. गाव दाभोळच्या बाजूचं, खाडीकाठचं. इथे वसतिगृहात राहायची. वर्गात फारशी बोलत नसे, पण काम स्वच्छ. प्रोग्रॅममधल्या प्रत्येक गोष्टीला नाव नीट द्यायची, तेवढ्यावरूनच मला ती आवडायला लागली होती.

तिचे वडील बोटीवर होते. त्या पट्ट्यात एवढं सांगितलं की पुरतं, पुढे कुणी काही विचारत नाही. आजोबाही बोटीवर होते. वडील मालवाहू जहाजावर सुकाणूची ड्यूटी करत. प्रकल्पासाठी घरचे आकडे आणा म्हटल्यावर ही दोन दिवस विचारात पडली, मग माझ्याकडे येऊन म्हणाली, "मॅडम, आमच्या घरात मोजण्यासारखं काय नाय. पण बाबा कुठे आहेत ते रोज मोजता येईल."

तिनं वडिलांना सांगितलं. ते रोज दुपारी सुकाणूजवळच्या पडद्यावर जहाजाची जी जागा दिसते, तिचे अक्षांश-रेखांश मुलीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला लागले. नुसते आकडे. वडिलांनी सुरुवातीलाच तिला कळवलं होतं, "एवढी वर्षं बोटीवर हाय, कॉलेजच्या कामाला आज आलो." हे वाक्य तिनं मला वाचून दाखवलं तेव्हा ती हसत होती, आणि मी तिला पहिल्यांदाच एवढं मोकळं हसताना पाहत होते.

मग तिनं पृथ्वी गोल धरून दोन जागांमधलं अंतर काढण्याचं सूत्र शिकून घेतलं. आज जहाज कालच्यापेक्षा किती पुढे गेलं, वेग किती, घरापासून किती लांब. पडद्यावर नकाशा, नकाशावर लाल ठिपके, ठिपके जोडणारी रेघ. पहिली रेघ उमटली तेव्हा सगळी बॅच तिच्या खुर्चीमागे गोळा झाली. पुढे ते नेहमीचंच झालं. प्रॅक्टिकल सुरू व्हायच्या आधी कुणीतरी विचारायचंच, "आज बाबा कुठे?" ती आकडे टाकायची, ठिपका पुढे सरकायचा. आतल्या गावातल्या एका मुलाचे वडील मुंबईत कामाला. तो म्हणाला, "माझ्या बापसाचा ठिपका काढला तर वर्षभर एका गल्लीच्या बाहेर जायचा नाय." सगळे हसले, तोही हसला. नंतर मात्र त्यानं तिला हळूच विचारलं, की मुंबईचं अंतर पण याच सूत्रानं निघतं का. निघतं, म्हणून तिनं त्याला काढून दिलं.

मी हे सगळं मागे उभी राहून बघायची. शिकवण्यातलं सुख म्हणतात ते मला तरी असल्याच वेळी मिळालेलं आहे. फळ्यावर मी कितीही छान समजावलं तरी जे होत नाही ते त्या लाल रेघेनं होत होतं. साइन, कोसाइन कशाला शिकायचं, हा प्रश्न त्या बॅचमध्ये पुन्हा कुणी विचारला नाही.

पौष-माघाच्या सुमारास जहाज अरबस्तानच्या बाजूला पोचलं आणि एका बंदराबाहेर आपला नंबर लागायची वाट बघत थांबलं. असं होतं म्हणे, आठवडेच्या आठवडे. इंजिन बंद ठेवून पाण्यावर नुसतं राहायचं. पाण्याच्या ओढीनं जरा वाहत गेलं की परत मूळ जागी आणायचं. नेमक्या त्याच दिवसांत त्या समुद्रात जहाजांवर काहीबाही होत असल्याच्या बातम्या टीव्हीवर सारख्या दाखवत होते. वडिलांचं रोजचं म्हणणं एकच, इथं काही नाही, आम्ही जागच्या जागी आहोत, तुम्ही टीव्ही बघू नका.

पण मुलीच्या नकाशावर जहाज जागच्या जागी नव्हतं.

एक दिवस ठिपका एका जागी, दुसऱ्या दिवशी एकदम पंचेचाळीस-एक किलोमीटर वर, तिसऱ्या दिवशी पुन्हा खाली. थांबलेलं जहाज असं पळेल कशाला? तिनं तीनतीनदा प्रोग्रॅम चालवला. मग माझ्याकडे आली. आम्ही दोघी बसून एकेक ओळ तपासली. अंशांचं रेडियन केलंय की नाही, ही पोरांची नेहमीची चूक, ती नव्हती. सूत्र बरोबर. पृथ्वीची त्रिज्या बरोबर. मी कागदावर हातानं एक उदाहरण करून पाहिलं, तेही तंतोतंत जुळलं. म्हटलं, "प्रोग्रॅम बरोबर आहे गं तुझा." मी कौतुकानं म्हटलं होतं. तिचा चेहरा उतरला, आणि तो का उतरला हे मला त्या वेळी उमगलं नाही.

पुढच्या आठवड्यात ती प्रॅक्टिकलला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिच्या खोलीतल्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, बरं नाहीये. शेवटी मीच वसतिगृहावर गेले. ती पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, हातात फोन, आणि ताप वगैरे काही नव्हता.

"बाबा खोटं बोलतायत, मॅडम," ती म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. काही वर्षांपूर्वी वडील डेकवर पडले होते. तेव्हाही घरी रोज एकच सांगत राहिले, हात जरा दुखतोय. सुट्टीवर आले तेव्हा मनगटाला प्लास्टर. त्यांच्या घरात बोटीवरचं वाईट काही घरी कळवायचं नाही, हा जणू नियमच. आजोबाही तसेच. काळजी करून घरच्यांनी काय करायचं, असा त्यांचा विचार. त्यामुळे नकाशावर जहाज पळताना दिसलं आणि हिची खात्रीच पटली. कसल्या तरी भीतीनं जहाज रोज जागा बदलतंय, वर जातंय, लपतंय, परत येतंय, आणि बाबा मात्र लिहितायत, जागच्या जागी आहोत.

तिनं त्यांना विचारलं होतं. सरळच लिहिलं होतं, बाबा, मला सगळं दिसतंय, खोटं बोलू नका. त्यांचं उत्तर आलं होतं, "नाय गो बाय. आमी जागच्या जागीच हाव. जरा वाहत जातो नि परत येतो." आणि तिचा विश्वास बसावा म्हणून दुसऱ्या दिवसापासून ते एकदाच्या ऐवजी दर ड्यूटीला जागा पाठवायला लागले. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. बिचाऱ्यांना वाटलं, जेवढी जास्त माहिती देऊ तेवढी पोर निवांत होईल. झालं उलटंच. जेवढे आकडे वाढले, तेवढ्या त्या ठिपक्याच्या उड्या वाढल्या. रेघ कोळ्याच्या जाळ्यासारखी गुरफटून गेली. मग हिनं त्यांना उत्तर देणंच बंद केलं. आकडे येत होते, ही वाचत होती, नकाशावर टाकत होती.

"आईला सांगितलंस?"

तिनं मान हलवली. सांगितलं होतं. आणि सांगितल्यापासून आई फोनवर फक्त ऐकून घेत होती.

तुझा प्रोग्रॅम बरोबर आहे, हे मीच सांगून बसले होते. तू वडिलांवर विश्वास ठेव म्हणावं तर तपासून पाहिल्याशिवाय काही मान्य करू नका, हे वर्गात घसा कोरडा होईपर्यंत सांगणारी मीच. ती माझंच शिकवलेलं पाळत होती. त्या संध्याकाळी घरी आले तरी माझं कशात लक्ष लागेना. नवऱ्यानं विचारलं, काय झालं, तर त्याच्यावर उगीच डाफरले.

दोन-तीन दिवसांनी दुपारची प्रॅक्टिकल चालू असताना दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. चपला बाहेर काढलेल्या, हातात कापडी पिशवी, चेहऱ्यावर एसटीच्या प्रवासाचा शिणवटा. मागे ती मुलगी. मी ओळखलं. हनुवटी अगदी तीच.

"मॅडम, ह्यो घ्या," म्हणत त्यांनी पिशवी आधी माझ्या हातात दिली. कुळथाचं पीठ होतं. "पोर म्हणतेय, ह्यांची बोट तुमच्या मशीनवर दिसते. मला बघायची हाय."

मी त्यांना मुलीच्या संगणकापुढे बसवलं. खुर्ची फिरती होती. बसता बसता ती गर्रकन वळली तशा त्या दचकल्या, आणि मागच्या एका मुलानं चटकन येऊन खुर्ची धरली. तो तसाच धरून उभा राहिला. बाकीची मुलं आपापल्या पडद्याकडे बघत असल्यासारखं करत होती, पण कळफलकांचा आवाज थांबला होता.

मुलीनं जहाज थांबल्यापासूनचा नकाशा उघडला. वर कोपऱ्यात तो लाल गुंता. आईनं बराच वेळ बघितलं.

"ह्या सगळ्या रेघा म्हणजे ते फिरतायत?"

"हो."

"रोज एवढे?"

"हो, आई."

बाईंनी पदर तोंडाशी धरला. मला वाटलं, आता रडणार. पण नाही. त्या म्हणाल्या, "ह्या रेघा मला नको दाखवू. त्यांनी काय पाठवलंय ता वाच. त्यांनी लिवलेला मला ऐकायचाय."

"आई, नुसते आकडे आहेत गं. त्यात ऐकण्यासारखं काय नाय."

"असूंदे. वाच गो."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं फोन काढला आणि एकेक अक्षांश वाचायला लागली. कशी वाचत होती, तर तिच्या घरी आजोबा वाचत असतील, वडील वाचत असतील तशी, टिंबाआधीचा आकडा, मग टिंबानंतरचा, मधे किंचित थांबून. मशीनमध्ये आकडे टाकताना ती नुसती बोटं चालवायची, तेव्हा तोंडानं कोण म्हणतंय? त्या दिवशी पहिल्यांदाच ते आकडे मोठ्यानं वाचले जात होते.

"चोवीस अठ्ठावन्न. चोवीस एकोणसाठ. पंचवीस शून्य. पंचवीस शून्य एक. पंचवीस शून्य. चोवीस एकोणसाठ..."

ती थांबली.

"पुढं वाच," आई म्हणाली. तिच्या नवऱ्याचं पत्र कुणीतरी मधेच तोडावं, तसा तिचा आवाज होता.

पण मुलगी पुढे वाचेना. ती ओठातल्या ओठात तेच पुन्हा म्हणत होती. चोवीस अठ्ठावन्न, चोवीस एकोणसाठ, पंचवीस. मग तिनं फोनवर बोट फिरवत जुने संदेश वर वर न्यायला सुरुवात केली. अगदी पहिल्या दिवसापर्यंत. मी तिच्या खांद्यामागून बघत होते आणि मला अजून काही कळलेलं नव्हतं. खुर्ची धरून उभा असलेला मुलगा म्हणाला, "काय शोधतेस?"

"साठ," ती म्हणाली. "साठ कुठेच नाय. सत्तर नाय, ऐंशी नाय. सगळे साठच्या आतले." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी बारीक आवाजात, "मॅडम, ही मिनिटं आहेत."

एका क्षणात लख्ख दिसलं. तासाची साठ मिनिटं असतात तशी अंशाचीही साठ मिनिटं. दर्यावर्दी लोक जागा सांगतात ती अंश आणि मिनिटांत. साडेपाचला आपण पाच-तीस लिहितो, त्याचा अर्थ पाच पूर्णांक तीन दशांश असा कुणी घेत नाही. वडील चोवीस अंश एकोणसाठ मिनिटं लिहीत होते, मधे एक टिंब देऊन, आयुष्यभर लिहीत आले तसं. मुलीनं तो आकडा जसाच्या तसा दशांश म्हणून मशीनला दिला. चोवीस एकोणसाठनंतर पंचवीस, म्हणजे एक मिनिटाचा फरक, दोन किलोमीटरसुद्धा नाही. आमच्या प्रोग्रॅमनं तो एकेचाळीस शतांश अंशाचा धरला आणि जहाज उडवलं पंचेचाळीस किलोमीटर. प्रवासात जहाज रोज शेकडो किलोमीटर जात होतं तेव्हा ही चूक पोटात मावून गेली होती. जहाज थांबलं आणि चूक तेवढी पळत राहिली.

तिच्या घरात लहानपणापासून जागा अशीच बोलली जाते. ती मिनिटं आहेत हे कुणी तिला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं कुणाला वाटलंच नाही. आणि गंमत बघा, शेजारच्याच भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत हीच मुलं दर आठवड्याला कोन मोजायच्या स्पेक्ट्रोमीटरला डोळा लावून अंश आणि मिनिटं वाचतात. तिथलं प्रॅक्टिकलही मीच घेते आणि ओरडते, मिनिटं वेगळ्या रकान्यात लिहा म्हणून! मला हसावं की रडावं कळेना. वर्गातही एकदम गलका झाला. कुणी कपाळावर हात मारून घेतला, कुणी मोठ्यानं "अरे देवा" म्हणालं. नारळाचं झाड संध्याकाळी वाढवणारा तो मुलगा असता तर त्याला केवढा आनंद झाला असता.

आई मात्र आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती. "काय झालं? वाईट हाय काय?"

"नाही वहिनी," मी म्हटलं, "चांगलं आहे. जरा थांबा. तिला करू दे."

दुरुस्ती दोन ओळींची. बिंदूच्या आधीचं घ्यायचं, बिंदूनंतरच्याला साठनं भागायचं, मिळवायचं. एरवी ती झोपेत लिहील. त्या दिवशी तिच्याकडून दोनदा कंस सुटला. खुर्चीमागचा मुलगा हळूच "कंस, कंस" म्हणाला, तिनं तो घातला, आणि प्रोग्रॅम चालवला.

जुना नकाशा पुसला गेला. नवीन यायला नेहमीसारखाच वेळ लागला, कारण आमची मशीनं म्हातारी आहेत. मग रत्नागिरीपासून समुद्रापार सगळा निळा भाग दिसायला लागला, आणि वर कोपऱ्यात, जिथे तो गुंता होता तिथे, एक लाल ठिपका. कितीतरी दिवसांचे, दर ड्यूटीचे सगळे आकडे एकावर एक बसून झालेला एकच ठिपका.

"त्या रेघा कुठं गेल्या?" आईनं विचारलं.

"त्या नव्हत्याच, आई. माझी चूक होती. बाबा जागच्या जागीच आहेत."

"म्हणजे ते खरं बोलत होते."

मुलीनं होकारार्थी मान हलवली, आणि मग टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली. आई रडली नाही. तिनं एक हात मुलीच्या पाठीवर ठेवला आणि पडद्याकडे बघत मला विचारलं, "मॅडम, ह्यात आपला गाव कुठं?" मी किनाऱ्यावरची जागा दाखवली. बाईंनी तिथे अंगठा टेकवला. मग हात पसरून करंगळी त्या ठिपक्याकडे नेली. करंगळी ठिपक्याच्याही पुढे गेली.

"वीतभर पण नाय," त्या म्हणाल्या.

हात तसाच पडद्यावर ठेवून त्या बसून राहिल्या. वर्गातल्या एकाही पोरानं त्यांना हात काढायला सांगितलं नाही. एरवी पडद्याला बोट लावलं की मी किती ओरडते, हे त्यांना पाठ आहे. माझेच डोळे भरून आले होते, आणि पोरांना ते दिसू नये म्हणून मी उगीच खिडकीचं दार नीट लावत उभी राहिले.

त्या नकाशाचा ठिपका लहान झाला म्हणून समुद्र काही बदलला नव्हता. टीव्हीवरच्या बातम्या त्याच होत्या, आणि तो माणूस अजून तिथेच होता. त्यांच्या घरातली भीती संपली असं मी म्हणणार नाही. पण त्या भीतीत बाप एकीकडे आणि लेक दुसरीकडे अशी जी फाळणी झाली होती, ती गेली.

मुलीला काही लिहिता येईना. आईच म्हणाली, "लिवू नको, बोल." मग तिनं बाहेर व्हरांड्यात जाऊन आवाज भरून पाठवला. काय बोलली ते मी ऐकलं नाही. बराच वेळ उत्तर आलं नाही. जहाजावर इंटरनेट हवं तेव्हा मिळत नाही, हे तिनंच आम्हाला आधी कितीदा सांगितलं होतं, तरी ती सारखी फोन बघत होती.

आईला परतीची गाडी गाठायची होती. माझाही घरचा रस्ता तोच, म्हणून मी स्टँडपर्यंत दोघींबरोबर गेले. वाटेत बाई माझ्याशी कुळथाच्या पिठल्याबद्दल बोलत होत्या, घाटावरचे लोक त्यात काय काय चुकीचं करतात ते मला सांगत होत्या. गाडी फलाटाला लागलेली होती. त्या चढायला निघाल्या आणि मुलीचा फोन वाजला.

तिनं आलेला संदेश लावून आवाज मोठा केला. आधी नुसता वारा, मग खोकला, मग एका माणसाचा घोगरा, हसू दाबलेला आवाज. "तू चुकलंस ता बरा झाला गो बाय. मी चुकलो असतो तर?" आई एवढ्या मोठ्यानं हसली की आजूबाजूची माणसं बघायला लागली. मला वाटलं, झालं. पण तो संदेश संपला नव्हता. पुन्हा वारा वाजला, आणि तोच आवाज, आता हसू नसलेला, म्हणाला, "आता उत्तर देत जा. इतके दिवस नुसते आकडे पाठवत होतो, तिकडून काय नाय. हितं माझा दुसरा कोण हाय?"

कंडक्टरनं हाळी दिली. आई पायरीवर एक पाय ठेवून तशीच उभी होती. मुलगी तिथेच, गर्दीच्या मधोमध, दोन्ही अंगठ्यांनी भराभर लिहायला लागली, आणि आई वाकून बघत म्हणाली, "माझं पण लिव. लिव, आई हितंच हाय म्हणून."